हातचे काम आणि पुढची वाट

(लासलगाव येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लासलगावचे नाव निघाले की कांद्याचे नाव आपोआप निघते. येथील कृषी उत्पन्न बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली आणि आशिया खंडातील सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून तिचा लौकिक झाला. परंतु या एका पिकाच्या आधाराने किती तऱ्हेचे रोजगार उभे राहिले आहेत, याची मोजदाद सहसा कोणी करीत नाही. बाजार समितीतील लिलाव कारकून, व्यापाऱ्याच्या पेढीवरील दिवाणजी, मापारी, हमाल, खळ्यावर कांदा निवडणाऱ्या स्त्रिया, गोण्या भरणारे व शिवणारे मजूर, मालमोटारींचे चालक, पतसंस्थेतील रोखपाल, एवढेच नव्हे तर आवाराबाहेर चहाची किटली घेऊन उभा असलेला मुलगा, या सर्वांचा चरितार्थ त्या दिवशीच्या आवकेवर आणि भावावर अवलंबून असतो. ज्या गावात इतक्या लोकांची भाकरी एका पिकाशी बांधली गेली आहे, त्या गावात एका प्रश्नाचा विचार होणे अगत्याचे आहे. हातात काम असताना पुढच्या कामाचा विचार करावा की करू नये, हा तो प्रश्न होय.

आपल्या समाजात या प्रश्नाला दोन ठरलेली उत्तरे आहेत. खाजगी पेढीवर काम करणारा मनुष्य दुसरीकडे चौकशी करतो आहे असे कळले की, 'ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी हा बेइमान झाला', असे बोलले जाते. सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असलेल्याने दुसरी परीक्षा द्यावयाची म्हटली की घरातील वडीलधारी माणसे विचारतात, 'देवाच्या कृपेने चिकटला आहेस, आता आणखी काय हवे?' दोन्ही उत्तरांमागे एकच समजूत आहे. नोकरी ही एकदा मिळते, ती दुसऱ्याने दिलेली असते आणि देणाऱ्याची मर्जी राहील तोवर ती टिकते, ही ती समजूत. अन्नाची भ्रांत असलेल्या काळात ती निर्माण झाली आणि त्या काळी तिला अर्थही होता. मात्र आज काम तेच राहील आणि आपण तेथेच राहू, अशी हमी कोणत्या व्यवसायात उरली आहे?

याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. बाजार आवारातच पाहावे. पूर्वी कांदा बैलगाडीतून, गोण्यांतून येत असे. पुढे ट्रॅक्टर आले आणि खुल्या वाहनातील मालाचा लिलाव रूढ झाला. त्यानंतर हायड्रॉलिक ट्रॉली आली आणि एक दांडा ओढताच सगळा माल खळ्यावर ओतला जाऊ लागला. जो माल उतरविण्यासाठी चार हमालांच्या पाठी लागत, तो आता काही मिनिटांत खाली होतो. तागडीची जागा भुईकाट्याने घेतली, तेव्हा मापाऱ्याच्या कौशल्याचेही तेच झाले. यात कोणी कोणावर अन्याय करावयास निघाले होते असे नाही. शेतकऱ्याचा वेळ वाचला, मालाची नासधूस कमी झाली, वजनाविषयीचे वाद घटले. पण काम मात्र माणसाच्या पायाखालून सरकले. हमाली व तोलाई कोणी द्यावी आणि कशासाठी द्यावी, यावरून नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत अलीकडच्या वर्षांत जे वाद झाले, त्यांचे मूळ या बदलात आहे.

दुसरे उदाहरण बाजाराबाहेरून आलेल्या बदलाचे आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र शासनाने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविले. त्याच वर्षी ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. देशांतर्गत ग्राहकाला कांदा परवडावा हा त्यामागील हेतू होता. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, तरी किमान निर्यातमूल्याची अट आणि शुल्क राहिलेच. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते पूर्णपणे रद्द झाले. त्या निर्णयांच्या गुणदोषांची चर्चा येथे करावयाची नाही. शेतकऱ्यांच्या नुकसानीविषयी पुष्कळ लिहिले व बोलले गेले, आणि ते योग्यच होते. परंतु निर्यातीचा माल निवडून, प्रतवारी करून, गोण्यांत भरण्यावर ज्यांची रोजंदारी चालत होती, त्या मजुरांचे काय झाले याची नोंद फारशी झाली नाही. या मजुरांनी कोणती चूक केली नव्हती. त्यांचे काम चांगले होते, मालकाशी संबंध चांगले होते. तरीही दूरच्या एका राजपत्रातील चार ओळींनी त्यांची सकाळ रिकामी केली. 'मी प्रामाणिकपणे काम करतो, मग मला कसली भीती?' असे म्हणणाऱ्याने या गोष्टीचा विचार करावा. प्रामाणिकपणा हा कामाचा गुण आहे, तो कामाचा विमा नव्हे.

निफाड तालुक्याला या बाबतीत आणखी एक अनुभव आहे. निफाड आणि रानवड येथील सहकारी साखर कारखाने ही एके काळी या तालुक्याची मोठी आशा होती. कारखान्यात मुलगा लागला की त्याचे लग्न ठरण्यास वेळ लागत नसे. पुढे दोन्ही कारखान्यांवर अनेक हंगाम बंद राहण्याची पाळी आली. अशा वेळी कामगारांपुढे दोनच मार्ग असतात. बॉयलर, टर्बाइन, विद्युत जोडणी, रासायनिक पृथक्करण यांपैकी ज्याच्या हाती एखादे प्रमाणित कौशल्य असते, तो दुसऱ्या कारखान्याकडे किंवा सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींकडे वळू शकतो. ज्याच्याजवळ केवळ 'इतकी वर्षे नोकरी झाली' एवढेच सांगण्यासारखे असते, तो गेटसमोर वाट पाहत राहतो. मुंबईच्या गिरण्यांची कथा तर सर्वश्रुत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांतील असंख्य लोक पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत. पंधरा-वीस वर्षे एकाच खात्यात काढलेल्या त्या कुशल कामगारांची हातोटी गिरणीच्या भिंतीबाहेर कोणाला उपयोगी वाटली नाही, हे त्या शोकांतिकेचे एक फारसे न बोलले गेलेले अंग आहे.

येथे कोणी म्हणेल, की ही सर्व उदाहरणे संकटाची झाली. संकट आले तर मनुष्य हातपाय हलविणारच. परंतु चालू विषय संकटाचा नाही. काम सुरळीत चालू असताना, पगार वेळेवर मिळत असताना, डोळे उघडे ठेवावे की नाही, हा प्रश्न आहे. आणि त्यासाठी याच तालुक्यात जन्मलेल्या एका पुरुषाचे चरित्र पाहणे उद्बोधक ठरेल.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. त्यांचे वडील गोविंदराव त्या वेळी निफाडच्या कचेरीत कारकून होते. पुढे ते कोल्हापूर संस्थानच्या सेवेत गेले आणि माधवरावांचे बालपणीचे शिक्षण त्यामुळेच कोल्हापूरला झाले. म्हणजे वडिलांनी एक स्थिर नोकरी सोडून दुसरी पत्करली नसती, तर मुलाच्या शिक्षणाची दिशाही कदाचित निराळी झाली असती. निफाडचा हा मुलगा मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक झाला. रानडे यांना न्यायमूर्ती म्हणून सगळेच ओळखतात. परंतु न्यायासनावर स्थिर होण्यापूर्वीची त्यांची पाच वर्षे कशी गेली, याकडे सहसा लक्ष जात नाही. १८६६ साली कायद्याची पदवी मिळाली आणि त्याच वर्षी ते शिक्षण खात्यात मराठी भाषांतरकार झाले. त्यानंतर अक्कलकोट संस्थानात त्यांनी कारभारी म्हणून काम पाहिले. तेथून कोल्हापूर संस्थानात न्यायाधीश झाले. १८६८ मध्ये ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. प्राध्यापकाचे काम करीत असतानाच त्यांनी अ‍ॅडव्होकेटच्या परीक्षेची तयारी केली, १८७१ मध्ये ती परीक्षा ते उत्तीर्ण झाले, आणि त्याच वर्षी पुण्यास पहिल्या वर्गाचे सबजज्ज म्हणून त्यांची नेमणूक झाली.

पाच वर्षांत भाषांतर, राज्यकारभार, न्यायदान आणि अध्यापन! आजच्या एखाद्या तरुणाने पाच वर्षांत इतक्या ठिकाणी काम केले, तर त्याच्या स्थैर्याविषयी शंका घेतली जाईल. पण रानडे यांचा क्रम बारकाईने पाहिला तर त्यात चंचलपणा दिसत नाही. पुढे ज्या अर्थशास्त्रीय व सामाजिक प्रश्नांवर त्यांनी अधिकारवाणीने लिहिले, त्यांची शिदोरी या वेगवेगळ्या कामांतूनच जमा झाली असली पाहिजे. संस्थानी कारभार आतून पाहिलेला न्यायाधीश आणि केवळ पुस्तके वाचलेला न्यायाधीश यांत फरक राहणारच. आणि आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १८७१ नंतर ते न्यायखात्यातच राहिले. नाशिक, धुळे, मुंबई अशा बदल्या झाल्या. सरकारची नजर त्यांच्यावर काही काळ संशयाची होती. तरीही ते तेथेच राहिले आणि १८९३ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. नव्या संधीला सामोरे जाण्याची तयारी असणे म्हणजे आयुष्यभर उड्या मारीत राहणे नव्हे. आपले काम कोणते हे समजेपर्यंत शोध घेणे, आणि ते समजल्यावर तेथे पाय रोवणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात सुखाने नांदू शकतात.

नाशिक जिल्ह्याचाच विचार करावयाचा तर त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचीही आठवण होते. पुरातत्त्व खात्यातील छायाचित्रकार व आरेखक ही नोकरी, त्यानंतर छपाईचा धंदा, आणि अखेर १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'. मात्र फाळक्यांचा मार्ग सर्वांनी अनुसरावा असे कोणी सुचवू नये. घरातील दागिने गहाण पडण्याइतके धाडस प्रत्येक संसाराला झेपत नाही.

आता थोडे विषयांतर करावेसे वाटते. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले 'कृषक' हे विकिरण केंद्र आहे. २००२ साली ते सुरू झाले, ते मुख्यतः कांद्याला कोंब फुटू नयेत यासाठी. कांद्यावर अल्प मात्रेत गॅमा किरण सोडले की साठवणीत कोंब येत नाहीत, हे तत्त्व सिद्ध झालेलेच होते. परंतु या केंद्राचे नाव जगभर झाले ते आंब्यामुळे. अमेरिकेला फळांतील किडीच्या बंदोबस्ताची हमी हवी होती. ती हमी अधिक मात्रेच्या विकिरणाने देता येत होती, आणि येथील केंद्राला अमेरिकेच्या कृषी खात्याची मान्यता मिळाली. २००७ साली भारतीय आंबा दीर्घ खंडानंतर अमेरिकेच्या बाजारात गेला तो कांद्याच्या या गावातून. कांद्यासाठी बांधलेल्या यंत्राने आंब्याचे काम स्वीकारले, म्हणून त्याची कांद्याशी असलेली निष्ठा कमी झाली असे लासलगावात कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. माणसाला मात्र आपण ही सवलत देण्यास काचकूच करतो.

असो. प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. या सभेत शासकीय व निमशासकीय कर्मचारी बहुसंख्य असल्यामुळे त्यांच्यापासून आरंभ करणे उचित होईल.

शासकीय सेवेत असलेल्या व्यक्तीने दुसऱ्या शासकीय पदासाठी प्रयत्न करणे यात नियमबाह्य असे काहीच नाही. तो प्रयत्न चोरून करणे मात्र अनिष्ट आहे. अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे आपल्या कार्यालयाच्या परवानगीने जावा, ही अपेक्षा आहे. अनेक कर्मचारी ही परवानगी मागण्याचे टाळतात. साहेब नाराज होतील, कामाचा बोजा वाढवतील, गोपनीय अहवाल बिघडेल अशी भीती त्यांना वाटते. ते गुपचूप अर्ज करतात, परीक्षा देतात, निवड होते, आणि मग ना हरकत प्रमाणपत्रासाठी धावपळ सुरू होते. याहून गंभीर गोष्ट पुढे घडते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांनी राजीनाम्याचे दोन प्रकार मानले आहेत. योग्य परवानगीने दुसऱ्या शासकीय नेमणुकीवर जाण्यासाठी दिलेला राजीनामा पूर्वीची सेवा बुडवीत नाही. केवळ राजीनामा म्हणून दिलेला राजीनामा ती बुडवू शकतो. कागदावर दोन्ही अर्ज जवळजवळ सारखेच दिसतात. एका वाक्याचा फरक असतो, आणि त्या वाक्याची किंमत माणसाला सेवानिवृत्तीच्या वेळी समजते. तेव्हा राजीनाम्यात आपण कोणत्या पदावर, कोणत्या आदेशान्वये आणि कोणाच्या परवानगीने जात आहोत याचा स्पष्ट उल्लेख असणे, आणि त्याची पोच जपून ठेवणे, एवढी दक्षता प्रत्येकाने घ्यावी. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांच्या बाबतीत निवृत्तिवेतनाची व्यवस्था निराळी असली, तरी सेवेच्या सलगतेची कागदपत्रे त्यांनाही हवीतच.

येथे कार्यालय प्रमुखांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. चांगला कारकून जाऊ नये असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ना हरकत प्रमाणपत्र टेबलावर अडवून ठेवल्याने तो चांगला कारकून राहत नाही. तो फक्त तेथे राहतो. उलट, ज्या कार्यालयातून दोन-चार माणसे वरच्या परीक्षा उत्तीर्ण होऊन गेली, त्या कार्यालयात उरलेल्यांचे काम सुधारते असाच साधारण अनुभव आहे. कारण काम करून कुठेतरी पोहोचता येते हे तेथे डोळ्यांनी दिसलेले असते. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३ ही वयोमर्यादा आहे. पस्तिशीतल्या एखाद्या ग्रामसेवकाच्या किंवा शिक्षकाच्या अर्जावर बसून राहिलेला अधिकारी त्याचे दोन महिने घेत नसतो, कदाचित शेवटची संधी घेत असतो.

शिक्षकांची स्थिती थोडी वेगळी आहे. २००० सालापासून शिक्षण सेवक ही पद्धती आली आणि पहिली तीन वर्षे मानधनावर काढणे नव्या शिक्षकाच्या वाट्याला आले. या काळात तो दुसरी संधी शोधील हे गृहीतच धरावयास हवे. काही खाजगी संस्थांत मात्र शिक्षकाची मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवून घेण्याची एक जुनी खोड दिसते. कागद अडकला की माणूस अडकला, असा त्यामागचा हिशेब असतो. संस्थाचालकांनी छायाप्रती ठेवाव्यात, पडताळणी झाली की मूळ कागद परत द्यावेत. वर्गात मन नसलेला शिक्षक कपाटातल्या कागदांमुळे वर्गात परत येत नाही, आणि त्याची किंमत पहिल्या बाकावरची मुले मोजतात. अर्थात शिक्षकानेही सत्राच्या मध्येच, दहावीचा अभ्यासक्रम अर्धवट टाकून निघून जाणे शोभणारे नाही. नवे काम स्वीकारण्याचा अधिकार जितका खरा, तितकीच हातचे काम नीट सोपवून जाण्याची जबाबदारीही खरी आहे. नोंदवह्या पूर्ण करणे, किल्ल्या व साहित्य मोजून देणे, येणाऱ्याला आठ दिवस सोबत घेऊन काम समजावणे या साध्या गोष्टी आहेत. पुढील ठिकाणी चौकशी होते ती बहुधा याच गोष्टींची.

पेढ्यांवर, दुकानांत आणि खळ्यांवर काम करणाऱ्यांना नियमांचे हे कवच नाही. वीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांनाच भविष्य निर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे लागू होतो. बाजारातील बहुतेक पेढ्या त्याहून लहान आहेत. ज्यांना तो लागू आहे, त्यांच्यासाठी २०१४ पासून सार्वत्रिक खाते क्रमांकाची सोय झाली आहे. नोकरी बदलली तरी क्रमांक तोच राहतो आणि जुनी रक्कम नव्या खात्यात वळविता येते. तरीही पुष्कळ जण नोकरी सुटताच ती रक्कम काढून घेतात. घराला पत्रे टाकण्यात किंवा एखाद्या लग्नात ती संपते, आणि निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षांची सेवा पुन्हा शून्यापासून मोजावी लागते. नावातील फरक हीदेखील एक नेहमीची डोकेदुखी आहे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार पत्रावर दुसरे, निधीच्या खात्यावर तिसरे. हे काम नोकरी चालू असताना, कार्यालयात ओळखीचे लोक असताना करून घ्यावे. नोकरी सुटल्यावर तेच काम करण्यास चार पट हेलपाटे पडतात.

हमालांच्या बाबतीत महाराष्ट्राने १९६९ साली जे केले, त्याचा उल्लेख या संदर्भात केलाच पाहिजे. माथाडी कामगार कायद्याने हमालाचा हिशेब मालकाकडून काढून मंडळाकडे दिला. मालक बदलला तरी मजुरी, भविष्य निर्वाह निधी, उपदान हे सर्व मंडळाच्या खाती राहते. काम बदलण्याने माणसाचे नुकसान होऊ नये हा विचार, देशात त्याविषयी फारसे कोणी बोलत नव्हते अशा काळात, डोक्यावर गोणी वाहणाऱ्यांसाठी या राज्याने कायद्यात आणला. खळ्यावर कांदा निवडणाऱ्या स्त्रियांपर्यंत मात्र या विचाराचा लाभ फारसा पोहोचलेला नाही.

या स्त्रियांचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहिला पाहिजे. 'नव्या संधी शोधा' असे त्यांना सांगणे सोपे आहे. परंतु मुलांची शाळा, घरची गुरे, सासूचे आजारपण यांतून त्यांना गाव सोडता येत नाही. त्यांच्या दृष्टीने संधी म्हणजे सकाळच्या एस. टी.ने जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावरचे काम. सुदैवाने अशी कामे या परिसरात वाढत आहेत. निफाड व दिंडोरी तालुक्यांत निर्यातीच्या द्राक्षांची पॅकिंग केंद्रे आहेत, शीतगृहे आहेत, विंचूरला औद्योगिक विकास महामंडळाने उभारलेले वाइन पार्क आहे. कांदा निवडताना नजर आणि बोटे जी प्रतवारी करतात, तीच प्रतवारी द्राक्षाच्या घडाला लागते. फरक एवढाच, की तेथे नोंदी ठेवाव्या लागतात. कोणत्या बागेचा माल, कोणती पेटी, किती वजन हे लिहावे लागते. म्हणजे अडसर कौशल्याचा नाही, लिहिण्या-वाचण्याच्या सरावाचा आहे. गावातील बचत गटाने किंवा शाळेने संध्याकाळी तासभर असा वर्ग चालविला, तर दोन हंगामांच्या मधल्या रिकाम्या आठवड्यांत यांतील काही जणींना दुसरे दार उघडे होईल.

शिक्षणाची गोष्ट निघाली म्हणून नाशिकच्याच एका संस्थेचे नाव घ्यावयास हवे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, ते प्रामुख्याने ज्यांना नोकरी वा संसार सोडून महाविद्यालयात जाता येत नाही अशांसाठी. शिपाई म्हणून लागलेल्या आणि पदवी घेऊन लिपिक झालेल्या व्यक्ती आज अनेक कार्यालयांत भेटतात. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणकाची भीती जशी खेडोपाडी घालविली, तसेच हे काम आहे. मात्र एक इशारा देणे आवश्यक वाटते. प्रमाणपत्रांची चळत जमविणे म्हणजे तयारी नव्हे. आपल्याला कोणत्या कामाकडे जावयाचे आहे हे आधी ठरवावे, त्या कामाच्या जाहिरातीतील अर्हता वाचावी, आणि मग अभ्यासक्रम निवडावा. अनेक जण हा क्रम उलटा करतात आणि फी भरून झाल्यावर विचारतात, याचा उपयोग काय?

संधी शोधणाऱ्यांच्या मागावर फसविणारेही असतात. 'अमुक खात्यात जागा आहे, इतके पैसे भरा, नेमणूक पत्र हातात मिळेल', असे सांगणारा मनुष्य कितीही ओळखीचा असला, तरी तो एक तर लबाड आहे किंवा स्वतःच फसलेला आहे. भरतीच्या अधिकृत जाहिराती, शासनाचे महास्वयं संकेतस्थळ आणि नाशिक येथील जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र यांच्याकडे चौकशी केल्याखेरीज कोणीही जमिनीचा तुकडा गहाण टाकू नये. पंचायत सदस्यांनी हे गावात स्पष्टपणे सांगावे. लाजेमुळे अशा तक्रारी पुढे येत नाहीत आणि तोच मनुष्य पुढच्या गावात जातो.

शेवटी, पंचायत सदस्यांच्या हातात असलेल्या एका कामाकडे लक्ष वेधावयाचे आहे. २०२४ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना सुरू केली. बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतनावर सहा महिन्यांसाठी तरुण कामावर आले, आणि २०२५ मध्ये ही मुदत पाच महिन्यांनी वाढविण्यात आली. अनेक ग्रामपंचायतींत व शाळांत असे तरुण दाखल झाले. दाखले लिहिणे, संगणकावर नोंदी करणे, करवसुलीची यादी तयार करणे, अशी कामे त्यांनी केली. मुदत संपताच हेच काम कायम व्हावे अशी त्यांची मागणी पुढे आली. ती मानवी होती. परंतु ती योजना कामाच्या प्रशिक्षणाची होती, आणि मुदतीची कामे नेहमीच मुदतीची असतात. अशा तरुणाला पहिल्याच आठवड्यात हे सांगावयास हवे, आणि त्याला शिकविण्याजोगे जे जे कार्यालयात आहे ते शिकवावयास हवे. केवळ झेरॉक्स काढण्यास आणि चहा सांगण्यास त्याला वापरले, तर अकरा महिन्यांनंतर त्याच्याजवळ सांगण्यासारखे काहीही राहत नाही.

आणि तो जाताना त्याला जे प्रमाणपत्र दिले जाते, ते नीट लिहावे. 'यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले' या एका ओळीचा पुढच्या ठिकाणी काही उपयोग होत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केले, कोणती नोंदवही सांभाळली, कोणती संगणक प्रणाली हाताळली, किती दाखले तयार केले, हे त्यात असावे. त्यावर जावक क्रमांक असावा, सरपंचाची व ग्रामसेवकाची स्वाक्षरी असावी, आणि कार्यालयात एक प्रत राहावी, म्हणजे तीन वर्षांनी कोणी पडताळणीसाठी विचारणा केली तर ती सापडेल. लासलगाव, विंचूर, निफाड, पिंपळगाव या भागातील ग्रामपंचायतींनी या वर्षीच्या तरुणांपासून असे नमुन्याचे प्रमाणपत्र देण्यास आरंभ करावा. त्याला लागणारा कागद कार्यालयात आजच उपलब्ध आहे.